घर क्र. ७४ हे घर नसून विमान असल्याबाबत

दिनांक : १२ जानेवारी २००१

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, टेंभसोंडे, जि. नाशिक.

विषय : मौजे करंजखोरे येथील घर क्र. ७४ टेम्पोत घालून नेण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे पाच अर्ज. (त्यांतील वाऱ्याबद्दलचा मजकूर कृपया विचारात घेऊ नये.)

महोदय,

मी इंदिरानगर, नाशिक येथे राहणारा सेवानिवृत्त इसम असून माझ्या मालकीचे दोन आसनांचे एक जुने विमान आहे. त्याबाबत सविनय निवेदन की,

१) दि. १६ एप्रिल २००० रोजी सकाळी मी करंजखोरे माळावरील खाजगी धावपट्टीवर उतरत होतो. वारा डावीकडून आडवा होता. या विमानाचे तिसरे चाक शेपटीखाली असते, त्यामुळे ते टेकल्यावरही पूर्ण थांबेपर्यंत पायांनी सुकाणू सांभाळावे लागते. नाही तर शेपूट पुढे येऊ पाहते. चाके टेकली, उत्तम टेकली. त्यानंतर विमानाने स्वतःभोवती गिरकी घेतली, धावपट्टी सोडली आणि शेजारच्या श्रीमती कुसाबाई आहेर यांच्या काढलेल्या कांद्याच्या ढिगावर पंख टेकवून ते थांबले. कोणास इजा झाली नाही.

२) पंचनाम्यास तलाठी श्री. झुंबर देवरे भाऊसाहेब आले. दोष वाऱ्याचा आहे, तसे ठळक लिहा, असे मी त्यांना पुन्हा पुन्हा बजावले. त्यांनी तत्परतेने वादळी वाऱ्याच्या नुकसानीचा छापील नमुना काढला. त्यात पीक, झाड, जनावर व घर असे चारच रकाने होते. जनावर लिहिल्यास दुभते की भाकड हे सांगावे लागते. आत माणूस होता व वर पत्रा होता, म्हणून त्यांनी ‘घर, पत्र्याचे, अंशतः पडझड’ असे नोंदवले. वाऱ्याचे नाव कागदावर आले या आनंदात मी सही केली.

३) मे महिन्यात जनगणनेची घरयादी झाली व विमानाच्या शेपटीवर गेरूने ७४ आकडा पडला. वाऱ्याच्या वेळी घरात मीच असल्याने कुटुंबप्रमुख म्हणून माझे नाव लागले. दिवाळीपूर्वी मी करंजखोऱ्याचा मतदार झालो, आणि सौ. ललिता हिच्या रेशनकार्डावरून माझे नाव ‘विभक्त’ म्हणून कमी झाले. छत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही एक दिवस विभक्त नव्हतो. आता ती भाजी वाढताना विचारते, “तुमच्या गावाला कधी निघणार?”

४) मी टेम्पो आणला, तो ग्रामसेवकांनी अडवला. घर पाडता येते, हलवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. पाडण्याचा दाखला ते उभ्या उभ्या द्यायला तयार होते. साहेब, मला भर चौकात रडू आले.

५) कुसाबाईंची तक्रार नाही. त्या रोज विमानाच्या नाकावरील पंख्यापुढे रांगोळी घालतात. “नंबराचं घर हाय, उंबरा सुना ठिवू नये,” असे त्या म्हणतात. परंतु येत्या फेब्रुवारीत शिरगणती आहे. त्यात मी एकदा विमानात एकटा राहणारा म्हणून मोजला गेलो की पुढील दहा वर्षे दुरुस्ती नाही, असे समजते.

६) भाऊसाहेबांच्या मते एकच मार्ग आहे. कागदावरून वारा काढला तर घरही निघेल. मात्र मग वाहन अपघाताचा नमुना लागेल, व त्यात ‘चालकाची चूक’ हा रकाना कोरा चालत नाही. तो मी येथे भरत आहे.

वारा नेहमीचाच होता. त्या धावपट्टीवरून सप्तशृंगीचा गड दिसतो. चाके टेकताच गडाकडे हात जोडायची माझी सवय आहे, आणि पायात बूट ठेवून देवीला नमस्कार करणे मला पटत नाही. एरवी वारा समोरून असल्याने निभावले. त्या दिवशी मी दुसरा बूट काढत असताना शेपूट फिरले. कुसाबाईंनी ते पाहिले होते व माझ्या विनंतीवरून त्या नऊ महिने गप्प राहिल्या. नातेवाइकांत मी वादळातून वाचलेला म्हणून मिरवलो, याची मला लाज वाटते. चूक माझी आहे.

तरी साहेबांनी मला माझे विमान न्यायला द्यावे व ललिताच्या कार्डावर परत पाठवावे.

आपला नम्र व प्रथमच खरे लिहिणारा,
(सही)
सोमनाथ विठ्ठल कोठुळे

सोबत :
१) कुसाबाईंचा जबाब, अंगठ्यासह : “हात जोडेल व्हते, पाय उघडे व्हते. वारा काय लय नव्हता.”
२) घर क्र. ७४ चा फोटो, ज्यात घर दिसत नाही.
३) रेशनकार्डाची प्रत, ज्यात मी दिसत नाही.