नानांच्या बॅगेवर दोन मिनिटं

दादर, ८ डिसेंबर २०२४

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. काल शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मनवा जे बोलली त्याचा राग तिच्यावर काढू नकोस. शनिवारी नायगावला मी मुलांना बोलायला शिकवते, तिथला नियम माझा आहे. पाठांतर नाही. घरातली एक वस्तू हातात घ्यायची आणि खरं तेवढं दोन मिनिटं सांगायचं. कुणी डबा आणला, कुणी बॅट. तुझ्या लेकीने नानांची रेक्झिनची बॅग आणली. आजोबा एक ते पंधरा तारीख आमच्याकडे, मग अँटॉप हिलला उन्मेषकाकाकडे, म्हणून ही बॅग कधी रिकामी होत नाही, असं ती न अडखळता बोलली. जूनमध्ये तिला स्वतःचं नावही चारचौघांत सांगता येत नव्हतं रे.

वहिनीला नमस्कार. राग ओसरला की लिही.

तुझी, मीनाक्षी

गिरगाव, १२ डिसेंबर

चि. मीनाक्षीस,
अ. उ. आ.

पहिल्या रांगेत बसून स्वतःचंच घर ऐकण्याचा योग तुझ्या कृपेने आला. लोक आधी हसले, मग माझ्याकडे बघू लागले. तुझी वहिनी म्हणते, बॅगेवर भाषण शिकवणाऱ्या वन्संनी एकदा बॅग न्यायलाही यावं. दादरला तिसरी खोली आहे म्हणे.

मनवाला मी एक शब्द बोललो नाही. नानाही नुसते हसले. पण त्या दिवसापासून ते बॅग पलंगाखाली ढकलून ठेवतात, आणि मनवा विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही.

एकच विचारतो. सरावात तू हे ऐकलं नव्हतंस?

रघुवीर

दादर, १६ डिसेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

ऐकलं होतं. चार वेळा. ‘बॅग कधी रिकामी होत नाही’ म्हटल्यावर जरा थांब, म्हणजे लोकांना पोचेल, हेही मीच शिकवलं. तुला आणि उन्मेषला जे सांगायची सहा वर्षं माझी हिंमत झाली नाही, ते मी आठ वर्षांच्या पोरीकडून वदवलं. आणि मी निघाले होते मुलांची भीती घालवायला!

वहिनीचंही खरं आहे. खोली आहे. आमच्या शंतनूच्या अभ्यासाची म्हणून मी ती सगळ्यांना दाखवते. आज सोळा तारीख, नाना एव्हाना अँटॉप हिलला पोचले असतील. त्यांना कायमचं इकडेच आण, असं लिहायला बसले होते. ह्यांच्याशी बोलून कळवते.

माया आटू देऊ नकोस.

मीनाक्षी

गिरगाव, २७ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
मनवाचा नमस्कार.

तुझं पत्र येईल असं बाबा म्हणाले होते, पण आलं नाही, म्हणून मीच लिहिते. काल झेंडावंदनानंतर मी ‘माझे आजोबा’ हे भाषण केलं. बाबांनी लिहून दिलं होतं. आजोबा म्हणजे आमच्या घराचा वटवृक्ष, त्यांच्या सावलीत आम्ही वाढतो, असं आहे. सगळं पाठ होतं. ‘सावलीत’ म्हटल्यावर मी जरा थांबले, तू शिकवलंस तशी. खूप टाळ्या पडल्या. पहिला नंबर आला.

आता शनिवारी यायची गरज नाही, असं बाबा म्हणतात.

नानांनी भाषण ऐकलं नाही. ते काकाकडे होते.

तुझी, मनवा