आमचा वॉर्ड हिरवा आहे

४ मार्च
राजीनामा दिला. गिऱ्हाइकं ॲप कधी सोडून जातील याचा अंदाज इतकी वर्षं बांधत होतो, आज मीच सोडून आलो. यापुढे आयुष्य हवामानबदलाला वाहिलेलं. डेटा सायन्स तेच, फक्त गिऱ्हाइकांच्या जागी पृथ्वी. बायको म्हणाली, आधी नोकरी बघ, मग पृथ्वी. तिला दूरदृष्टी नाही.

११ मार्च
एका संस्थेचं उत्तर आलं! शहरात उन्हाचा धोका कुठे किती, याचा नकाशा करून पाठवा, मग मुलाखत. महिना देताहेत. हसू आलं. मला आठवडा पुरे. उद्यापासून पहाटे पाचला उठायचं.

१२ मार्च
साडेनऊला उठलो. ताजं डोकं महत्त्वाचं.

२६ मार्च
नकाशा जवळजवळ झालाच. दुपारी बाबा खाली आले. ते हल्ली गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत असतात. त्यांची खालची खोली मी ऑफिससाठी घेतली आहे, तात्पुरती. म्हणाले, वर बसवत नाही रे. मी त्यांना स्क्रीनवर आपला वॉर्ड दाखवला. हिरवा. हिरवा म्हणजे धोका कमी. बराच वेळ बघत उभे राहिले. मग, बरं, म्हणाले आणि वर गेले. नीट समजावलं की माणसाला पटतं.

३ एप्रिल
बायकोने वर थर्मामीटर टांगला. म्हणे बेचाळीस. विमानतळावरची नोंद छत्तीस. मी सांगितलं, एका खोलीवरून निष्कर्ष काढत नाहीत, असा एखादाच भलता आकडा आला तर त्याला आउटलायर म्हणतात. ती म्हणाली, तुझ्या आउटलायरला मी बाबा म्हणते. वाद वाढवला नाही. रविवारी खोल्यांची अदलाबदल करू. नक्की.

७ एप्रिल, रविवार
वायरी फार आहेत. पुढच्या रविवारी.

१२ एप्रिल
बाबा जिन्यात पडले. शेजारीण हाका मारत होती म्हणे. मला हेडफोनमुळे ऐकू आलं नाही. हॉस्पिटल, सलाईन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उष्माघात, थोडक्यात निभावलं. दुपारचे कुठे असतात, असं विचारलं. बायको माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, घरीच असतात.
रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. बाकावर बसून नकाशातला हिरवा जरा फिका केला.

१५ एप्रिल
ताई बाबांना हॉस्पिटलातून परस्पर तिच्या घरी घेऊन गेली. माझ्याशी काही बोलली नाही. घाईत असेल.

१९ एप्रिल
मुलाखत उत्तम. समोरच्या बाईंनी विचारलं, यातल्या एखाद्या घरात भर दुपारी जाऊन बसलात का? मी सांगितलं, मॉडेलमध्ये भावना मिसळू नयेत. त्यांनी पेन खाली ठेवलं. छाप पडलेली दिसते.

२९ एप्रिल
नकार. दोन ओळींचा. संस्था अजून माझ्या तोडीची झालेली नाही.
दुपारी लॅपटॉप घेऊन वरच्या खोलीत बसून पाहिलं. लगेच खाली आलो. लॅपटॉप तापतो.

१३ मे
नोकरी लागली! एसी बनवणारी कंपनी. उन्हाळा किती कडक, त्यावरून विक्रीचा अंदाज बांधायचा. म्हणजे तसं बघायला गेलं तर हवामानाचंच काम. ऑफिसात स्वेटर घालून बसावं लागतं.

१९ मे, रविवार
ताईकडे फोन केला. बाबांना सांगितलं, हवामानाच्या क्षेत्रात लागलो. छान, म्हणाले. मग फोन ताईकडे दिला. ती म्हणाली, इथे दुपारी शांत झोपतात. मी म्हणालो, आमच्याकडे तर कधी झोपायचे नाहीत, सारखे जिन्यात येऊन बसायचे. सवय नव्हती बहुतेक. फोन कट झाला की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं.
मग सांगून टाकलं की खालची खोली रिकामी करून ठेवली आहे, बाबांना कधीही आण. केलेली नाही.
असू दे आता, म्हणाली.