चाळणीच्या घरी हिंगोलीवाले

भीमनगर, कळमनुरी
सन २००४

प्रिय ऐशू,

सगळ्यात आधी आला त्यो किसनराव. हिंगोलीच्या टीमचा हलगीवाला. तुझा बाप आपल्या गावचा फुटबॉलचा गोलकीपर, त्याच्या गोलामागं उभा राहून बारा वर्षं ‘चाळणी, ये चाळणी, पाणी गाळ!’ म्हणून वरडणारा. पांढरा सदरा घालून दारात उभा. मला वाटलं, मेल्यावरबी चिडवाया आला का काय! तवर मागं जीप थांबली आन तिच्यातून एकावर एक सोळा माणसं उतरली. कशी बसली व्हती त्यांचं त्यांना ठाऊक. एवढ्यांना च्या कशात द्यावा? शेजारच्या मिराबाईकडून कपबश्या आणल्या, त्यातल्या दोन कपांना कानच न्हाईत. पण बाई, मला लई आनंद झाला. लेकाच्या, तुझ्या बापाच्या पुण्यानुमोदनाला आई आनंद झाला म्हणते, हसशील तू. आपल्या गावचे मोजून सात आले व्हते गं. वैऱ्याच्या गावचे सोळा.

तू मातीला आलीस आन दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं गेलीस. नर्सिंगची परीक्षा हाय म्हणलीस. असंल. तिकडं डब्यात भाजी तरी बरी देतात का? तुझ्या बापाला कावीळ झाली तवा त्यो काय खातच नव्हता, नुसता ताकभात. शेवटी शेवटी तेबी नको म्हणायचा.

तर भंतेजींनी वंदना सुरू केली. हिंगोलीवाल्यांना येती का! सगळे बसले की हे उभे, सगळे उठले की हे बसलेले, नुसते ओठ हलवायले. किसनराव आज हलगी न आणता आलेला, त्याला हात कुठं ठेवावे समजंना. मग हिरासिंगनं, त्यांच्या गोल मारणाऱ्यानं, आपली खेळायची पिवळी बनियन जीपमधून काढून आणली, घडी घालून माझ्या प्रेमानंदच्या फोटोपुढं ठेवली. फुलं वाहिली, मेणबत्ती लावली. किसनराव म्हणला, माय, तुमच्या गावानं त्याला लांबून पाहिला, आमी पाच हातांवरून. आमी चाळणी म्हणलो की मागं वळून म्हणायचा, घरचं पीठ घेऊन या, चाळून देतो! आमाला हसू यायचं, शिव्या द्यायचं राहून जायचं.

आन मग त्यो रडाया लागला. त्या फायनलचं नाव आपल्या घरात आठ वर्षं कुणी घेतलं न्हाई, आज मी घेते.

त्या दिवशी हिंगोलीच्या मैदानावर गोलाचे खांब बांबूचे व्हते, खड्ड्यात नुसते ठोकलेले. शेवटी शेवटी मागच्या गर्दीचा लोंढा आला, किसनराव हलगीसकट खाली पडला आन खांब उपटून त्याच्या डोक्यावर येऊ लागला. तुझ्या बापानं दोनी हातांनी खांब आवळून धरला. तेवढ्यात हिरासिंगनं बॉल मारला. आत गेला. आपली माणसं पार दुसऱ्या टोकाला, लिंबाच्या सावलीत बसलेली. त्यांना दिसलं ते एवढंच, प्रेमानंद खांबाला बिलगून उभा हाय आन बॉल बाजूनं जाऊन राहिला. पैसे घेऊन म्याच विकली, म्हणाले सगळे. हिंगोलीवाल्यांनी समदं पाहिलं. पण कप परत द्यावा लागल म्हणून हलगी वाजवत निघून गेले. किसनराव माझ्या पायावर डोकं ठेवून म्हणला, माय, ज्यानं जीव वाचवला त्याला विकाऊ म्हणलेलं मी कानानं ऐकलं, आन गप राहिलो.

मी त्याला उठवलं. च्या पाज म्हणलं मिराबाईला. त्याच्यावर राग धरावा असं लई वाटलं, पण धरता येईना. कसा धरावा? तू बारा वर्षांची व्हतीस, शाळेत पोरींनी ‘विकल्याची लेक’ म्हणलं, तू घरी येऊन बापाला तोंडावर तेच म्हणलीस आन नांदेडला मामाकडं गेलीस ती गेलीसच. लेकराचं काय चुकलं? पण मी तर आई. त्या दिवशी त्यो घरी आला, तळहाताला बांबूच्या चिपा रुतलेल्या. मी पाहिल्या, ऐशू. पाहिल्या आन तरीबी विचारलं, काहून विकलास रे? काय झालं, असं एकदाबी विचारलं न्हाई. त्यो अंगणात जाऊन एकटाच सुईनं चिपा काढत बसला. ‘काय झालं बाबा’, एवढंच म्हणायचं व्हतं.

म्हणून हे पत्र. साक्षरतेच्या वर्गात शिकले तेवढ्यावर चार दिवस लिहून राहिले, दुसऱ्या कुणाकडून लिहून घेण्यासारखं न्हाई हे. तुला बोल लावाया न्हाई लिहीत. हिंगोलीवाले परत येणार हायेत, भर बाजारात, आपल्या सगळ्या गावापुढं खरं सांगाया. तवा मला तिथं त्याची आई म्हणून उभं राहायचं हाय, आन ते एकटीच्यानं व्हणार न्हाई गं. तू नुसती बाजूला उभी राहा, काही बोलू नको. ह्या आठवड्याचा बाजार न्हाई, त्याच्या पुढचा, सकाळी दहाला येतो म्हणलेत ते.

तुझी वाट बघणारी, तुझीच आजी,
चांगुणा