जर्नल सापडलं

सिद्धी,

तुझं फिजिक्सचं जर्नल सापडलं, सरांच्या सह्यांसकट! तू हरवलं नव्हतंस, चूक माझी. लंबकाची आकृती दाखवायला मी ते शिकवणीच्या मुलांपुढे ठेवलं आणि हर्षाच्या वह्यांतून ते तिच्या गावी, हळर्णला गेलं. आत्ताच तिच्या आईचा फोन आला. बसने जाऊन चारपर्यंत घेऊन येते. उद्या तुला प्रॅक्टिकलला बसू देतील, आता कॉलेज सोडायची भाषा नको. दोन दिवस धड जेवली नाहीस, झाकलेले उंडे पाव आधी खा.

हर्षाने सुतळीला कुलूप बांधून तुझा प्रयोग केला म्हणे. फोनवर विचारते, “टीचर, झोका थोडा वाढवला तरी वेळ तेवढाच कसा?” मी म्हटलं, आमची सिद्धी सांगेल. रविवारी येतेय ती तुला विचारायला.

आते