किल्ल्यावरची मोजणी

१२ सप्टेंबर, रविवार

मला बघताच त्याने हातातली यादी उलटी धरली. एवढ्यानेच निम्मा प्रवास सार्थकी लागला!

बस सहाला सुटणार होती. मी साडेपाचलाच दाराशी उभी. बावीस वर्षं याच दारात मी गाइड म्हणून यादी घेऊन उभी असायचे, आज बॅग घेऊन प्रवासी म्हणून चढले. 'ताई, तुम्ही?' म्हणाला. म्हटलं, दुकान रंगवायला काढलंय, आठ दिवस सुट्टी आहे, जुना रस्ता एकदा बघून घ्यावा. यात खोटं काहीच नव्हतं. फक्त सगळं नव्हतं.

सगळं इथे लिहिते, कारण दुसरीकडे बोलायची सोय नाही. दादाला वाटतंय मी मन रमवायला चाललेय. वहिनीने तर प्रवासासाठी नवे मोजे आणून दिले, बिचारी.

चार वर्षांपूर्वी डोंगरातल्या किल्ल्यावर आमच्या बसचे एक आजोबा मागे राहिले. बस निघण्याआधी गाइडने माणसं मोजायची, हा आमच्या कामाचा पहिला धडा. मी मोजली होती. चाळीस, पूर्ण. तरी खात्री करावी म्हणून दारात उभ्या असलेल्या माझ्या हाताखालच्या माणसाकडे पाहिलं. त्याने अंगठा वर केला. मी म्हटलं, चला. आजोबा धुक्यात तीन तास एकटे. पायऱ्यांवरून पडले, खुबा मोडला. वाचले, पण काठी कायमची. चौकशीत हा माणूस चारच शब्द बोलला — 'मोजणी ताईंनी केली होती.' अंगठ्याचं नावसुद्धा नाही! मी गेले बाराच्या भावात, आणि माझ्या जागेवर तो आला. ज्याला माइक धरायचा कसा हे मी शिकवलं, त्याने केसाने गळा कापला. आता मी चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांवर फ्रेम बसवते.

पाचव्या दिवशी तोच किल्ला आहे. मोजायच्या वेळी मी बसमध्ये नसेन. सोडून गेला तर नोकरी जाईल. थांबला तर सगळा कार्यक्रम कोसळेल आणि सदतीस जणांच्या शिव्या खाईल. इकडे आड, तिकडे विहीर. बघू कुठे पडतोय!

१३ सप्टेंबर

घळीतला रस्ता. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, खाली नदी नुसती आवाजापुरती. बाकीचे खिडकीला नाक लावून 'बापरे' करत होते. मी त्याच्या चुका लिहीत होते. कड्याची उंची चूक. पुलाच्या कमानी पाच सांगितल्या, सहा आहेत, सहावी झाडीत जाते. मी कधी विसरले नाही.

आणि विनोद! 'हा पूल बांधणाऱ्याने पक्का आहे का बघायला आधी सासूला पाठवलं. पूल टिकला, तेव्हापासून तो दुःखी आहे.' हा माझा विनोद. 'पूल टिकला' म्हटल्यावर थांबायचं ते थांबणंसुद्धा माझं. पूर्ण बस हसली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. माझ्या शेजारच्या बाई तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. निवृत्त नर्स आहेत, एकट्याच आल्यात. म्हणाल्या, हसा की हो, दात दुखतात का? म्हटलं, हो.

१४ सप्टेंबर

धबधब्यापर्यंत दोनशे दहा पायऱ्या. त्याने एका आजींचा हात धरून उतरवलं, चढवलं. सगळीकडे वाहवा. हेही माझंच शिकवलेलं — माणसाचा हात आपण धरायचा नाही, आपला हात माणसाला धरू द्यायचा. गुरूची विद्या गुरूसमोर मिरवतोय, आणि मला टाळ्या वाजवाव्या लागतायत.

१५ सप्टेंबर

कड्यात कोरलेला मठ. भिंतीवरची चित्रं अजून तशीच आहेत, एका संताला अजून अर्धाच चेहरा आहे. मी एकटी मागे रेंगाळले आणि क्षणभर विसरून मनातल्या मनात माहिती सांगायला लागले. मग माझाच राग आला. रडायला आलं होतं, ते रागाने थांबलं. राग उपयोगी असतो.

त्याच्या मोजणीवर नजर ठेवून आहे. नुसता तमाशा! बस निघायच्या आधी दुसऱ्या ड्रायव्हरला खाली उतरवून उभं करतो. लांबच्या प्रवासाला दोन ड्रायव्हर असतात, एक चालवतो तेव्हा दुसरा विश्रांती घेतो. तर हा त्या बिचाऱ्याला दर वेळी झोपेतून उठवून खाली उतरवणार, मग प्रत्येक सीटच्या पाठीला हात लावत मोजणार, मग ड्रायव्हरला वर घेणार. पाऊस असो, वारा असो. नर्सबाई म्हणाल्या, किती काळजी घेतो हो पोरगा! म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. त्यांना कळलं नाही. बरंच झालं.

हा दुसरा ड्रायव्हर जुनाच आहे, त्या दिवशीही आमच्या बसवर होता. पहिल्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. समोर आला की मान खाली. मात्र रोज सकाळी माझ्या सीटपाशी गरम पाण्याची बाटली ठेवलेली असते, न मागता. साहेबाच्या करणीची लाज याला वाटत असावी.

उद्या किल्ला. आकाश गढूळ आहे, धुकं असणार. उत्तम.

१६ सप्टेंबर, गुरुवार

झालं. ठरवल्याप्रमाणे सगळं झालं. क्रमाने लिहिते, नाहीतर हात भलतीकडे जाईल.

वर पोचलो तेव्हा धुकं इतकं की बुरूज दिसेना. तासाभराने सगळे परत फिरले, आणि मी दारूकोठाराच्या मागे गेले. तिथली दगडी फट मला पाठ आहे, तिथून दरवाजा आणि बस दोन्ही दिसतात. त्याने ड्रायव्हरला उतरवलं, आत गेला, मोजलं. खाली उतरला. पुन्हा आत जाऊन मोजलं. मी दोन्ही तळवे एकमेकांवर घासत होते. थंडीने नाही, आनंदाने! दाताखाली चार वर्षं धरलेलं काहीतरी सुटल्यासारखं झालं. मग धुक्याचा लोट आडवा आला, दार बंद झाल्याचं ऐकू आलं आणि बस निघाली. दिवे धुक्यात गेले.

सोडून गेला. मला सोडून गेला!

या किल्ल्यावर फोन लागत नाही असं सगळे समजतात. एका कोपऱ्यात लागतो, ते बावीस वर्षांत मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिथे उभी राहून सहलीच्या कार्यालयाच्या मोठ्या बाईंना फोन केला. म्हणाले, तुमच्या माणसाने मला किल्ल्यावर टाकलं, त्याच किल्ल्यावर, बस गेली.  त्या म्हणाल्या, मी बघते, तुम्ही सुरक्षित जागी थांबा. माझा आवाज किती शांत होता! मलाच कौतुक वाटलं.

मग खाली आले. आणि दरवाजाच्या पायरीवर तो बसलेला. शेजारी थर्मास, दोन कप.

'या ताई,' म्हणाला. 'एक कमी भरलं तेव्हाच कळलं, तुम्हीच असणार. बस खालच्या वळणावर पाठवली. आता दरवाजाशी दहा मिनिटांच्या वर गाडी उभी करू देत नाहीत. कुणी कमी असलं की गाइडने इथेच थांबायचं, बस खाली न्यायची, असा नियम केलाय.' कुणी केला, विचारलं. म्हणाला, मी करून घेतला. तुमच्यानंतर.

 चहा घेतला.  आणि मग इतकी वर्षं घोटलेलं सगळं बाहेर आलं. अंगठा, चौकशी, चार शब्द, केसाने गळा, सगळं. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, 'ताई, अंगठा सामानासाठी होता. डिकीचं दार लागत नव्हतं सकाळपासून, आठवतंय? तुम्ही म्हणाला होतात, लागलं की खूण कर.'

आठवलं. देवा, आठवलं.

'मोजणीत चाळीसच भरले होते,' तो म्हणाला. 'चाळिसावा माणूस दुसरा ड्रायव्हर होता. अंगात ताप होता म्हणून मागच्या रिकाम्या सीटवर शाल घेऊन पडला होता. आजोबांची सीट ती. तुम्ही शाल मोजलीत. मला ते संध्याकाळी कळलं, तोच रडत सांगायला आला.'

विचारलं, मग चौकशीत का नाही बोललास? म्हणाला, ड्यूटीवर प्रवाशाच्या सीटवर झोपला म्हणून त्यालाही काढलं असतं, आणि तुमचं टळणार नव्हतंच. त्याची तिन्ही मुलं शाळेत होती. 'एकाचं जाणार होतं, दोघांचं गेलं असतं.' मला तरी सांगायचंस, म्हटलं. तर म्हणाला, दोनदा आलो होतो घरी. तुमच्या दादांनी दारातूनच परत पाठवलं.

खरं आहे. मीच दादाला सांगितलं होतं, तो आला तर दार उघडू नकोस.

मग उठला, कप झटकले. म्हणाला, 'घाबरलात ना वर? फोन करावासा वाटला असेल, पण इथे लागत नाही.' मी म्हटलं, हो ना.

का म्हटलं तसं? अजून वेळ होता. वर परत गेलं की तो कोपरा होता. फोन करून सांगायचं, चूक झाली, गैरसमज झाला. एवढंच. बसमध्ये चढले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नर्सबाईंनी माझे तळवे चोळले. दुसऱ्या ड्रायव्हरने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

१७ सप्टेंबर

आज राजवाडा. काही पाहिलं नाही.

जेवणानंतर अभिप्रायाचे कागद वाटले. मी लिहिलं, गाइड उत्तम, काळजी घेणारा, अनुभवी. सगळे रकाने 'उत्कृष्ट'. कागद त्याच्या हातात दिला तेव्हा तो वाचून लाजला. ताई, तुमच्याकडून हे म्हणजे, असं काहीतरी म्हणाला. मला ऐकवेना. फोनचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी त्याला हाक मारली. बरं वाटलं. खरं तेच लिहिते, बरं वाटलं.

मोठ्या बाईंना संध्याकाळी फोन करेन.

संध्याकाळी डोकं दुखत होतं.

१८ सप्टेंबर

घरी पोचले. उतरताना त्याने बॅग काढून दिली. पुन्हा या म्हणाला. वहिनीने विचारलं, कशी झाली सहल? म्हटलं, डोंगर आहेत तिथेच आहेत.

उद्या रविवार, कार्यालय बंद. सोमवारी पहिलं काम हेच.

२० सप्टेंबर, सोमवार

दुकान उघडलं. नव्या रंगाचा वास. दिवसभर गिऱ्हाईक. दोनदा नंबर लावला, दोन्ही वेळा वाजायच्या आत बंद केला. काय सांगणार? की मी लपून बसले होते? छप्पन वर्षांची बाई दारूकोठारामागे लपून बसली होती? चार वर्षांपूर्वी पेपरात आलेलं नाव आता पुन्हा, आणि या वेळी खरंखुरं! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा पीळ आता भीतीचा आहे. रागाचा होता तेव्हा निदान ताठ उभी राहत होते.

तक्रार विसरल्याही असतील. आलेल्या प्रत्येक फोनची दखल थोडीच घेतात.

२१ सप्टेंबर

नाही केला.

२३ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी मोठ्या बाईंचाच फोन आला. म्हणाल्या, त्याला काढून टाकलं. सगळ्या प्रवाशांना एवढंच विचारलं, बस तुम्हाला न घेता निघाली हे सगळ्यांनी कबूल केलं. वर थांबलो होतो असं तो सांगतोय, ड्रायव्हरही तेच म्हणतात, पण आपल्याच माणसांवर कोण विश्वास ठेवणार, तुमचा फोन तर वरूनच आला होता. मग आवाज मऊ करून म्हणाल्या, तेव्हा तुमच्यावर अन्याय झाला असं आता सगळ्यांनाच वाटतंय. त्या रस्त्याची माहिती असलेलं दुसरं माणूस आमच्याकडे नाही. रविवारी बस सुटायची आहे. येता का?

मी विचारलं, किती वाजता यायचं.