सुमंगलाकाकूंचं बिनकुलपाचं नेट

६ जानेवारी, सोमवार

सापडलं! सापडलं! बिनकुलपाचं नेट!

माझा फोन दुपारीच मान टाकतो, दिवसभराचा डेटा खलास. मग सिद्धोधन ड्यूटीवरून येईपर्यंत भिंतीकडं बघत बसायचं. (नवऱ्याचं नाव लिहिता येतं, मोठ्यानं घ्यायला गेलं की अजून जीभ अडकते. नवी नवरी!) तो रेल्वेत ट्रॅकमन, दिवसभर रुळावर. पूर्णेत माझ्या ओळखीचं कुणी न्हाई. चुडावा जवळच, पण रोज उठून माहेरी कसं पळायचं?

आज भांडी आवरून बसले तर फोनात एक नाव दिसलं — श्रीनिधी. पुढं कुलूपच नाही! बोट लावलं. लागलं! मोरीपाशी उभं राहिलं की लय जोरात येतं.

कोण हा श्रीनिधी? विचार करून करून कळलं. शेजारच्या सुमंगलाकाकूंचा मुलगा. पुण्यात असतो. त्यांच्या-आमच्या घराला एकच भिंत. काकू एकट्याच, हेडमास्तर नवरा वारल्यापासून. मी नांदायला आल्यापासून आमच्यात एवढंच बोलणं झालंय — "पाणी आलं का?" "आलं."

७ जानेवारी, मंगळवार

मी शीळ घालायला शिकायलेय!! फोनावर एक मास्तर शिकवतो. चुडाव्यात पोरं गाडी बघून काय मस्त शीळ घालायची! मी घातली की नुसता वारा. आई म्हणायची, पोरीच्या जातीनं शीळ घालू नये. इथं कोण बघायलंय? आज दिवसभर फुर्र फुर्र. ओठ दुखायले. वारा तो वाराच.

रात्रीच्या जेवणाला सिद्धोधनला सांगितलं, नेटचं. वाटलं हसेल. त्याचा घास हातातच राहिला.

"दुसऱ्याच्या नळाला आपला पाइप लावल्यासारखं झालं हे."

मी म्हणाले, नळ कशाचा? पाणी भरलं तर त्यांचं कमी होतं. हे उजेडासारखं आहे. काकूंच्या पडवीतला दिवा आपल्या अंगणात पडतो, त्यात बसून मी तांदूळ निवडले तर चोरी का?

रेल्वेत राहून स्वतः तिकीट काढून बसणारा माणूस हा! मग म्हणाला, "उजेड आपोआप येतो सुके. हे तू बोट लावून घेतेस. विचारून ये."

विचारून ये! त्या दारापर्यंत जायचं तरी कसं? त्यांचं दार कायम लोटलेलं. आपण कोण, त्या कोण. आल्या दिवशी त्यांनी आमच्या ओट्याकडं बघितलं होतं. वाईट नजरेनं नव्हे, पण बघितलं होतं.

उद्या विचारीन.

८ जानेवारी, बुधवार

नाही विचारलं. जे झालं ते ऐक! हसून हसून पोटात मुरडा आलाय, आणि भीतीनं पण!

शीळ-मास्तर लावला होता. व्हिडिओच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असते, तिच्यावर चुकून अंगठा पडला. माझ्या फोनावरचा मास्तर गायब! आणि भिंतीपलीकडून — फुईईईईई! अशी शीळ, की आमच्या मांडणीवरचं झाकण थरथरलं.

मग काकूंची किंकाळी. "आगं बाई! आगं बाई! हा मुडदा कोण?"

मला आधी कळेचना. फोन बघते तर वर लिहिलेलं — हॉल टीव्ही. म्हणजे माझा मास्तर काकूंच्या टीव्हीत शिरला होता! एकाच नेटवर असलं की जातं म्हणे असं. बंद कुठं करायचं सुचेना. तिकडं मास्तर शिकवतोच आहे — ओठांचा चंबू करा, अजून गोल करा — आणि काकू ओरडायल्यात, "शरम नाही वाटत का रे मेल्या!"

शेवटी तीच चौकट परत दाबली, तेव्हा गेला मास्तर.

थोड्या वेळानं अंगणातल्या मधल्या भिंतीवरून काकूंचं डोकं वर आलं. पालथ्या बादलीवर चढल्या असणार. "सुकेशनी, तुझं नाव सुकेशनीच ना? ऐकलंस का? माझ्या टीव्हीत एक बाप्या आला, तोंडाचा चंबू करून माझ्याकडंच बघायलाय! मी भाजी निवडत बसलेली! आणि शीळ घालतोय, ह्या वयात मला!"

मी पदर तोंडात कोंबला. "काय म्हणता काकू!"

"टीव्ही बिघडला. देऊन टाकते कुणाला तरी."

माझं नाव त्यांना माहीत होतं.

९ जानेवारी, गुरुवार

सांगायला गेले खरी. पण काकू ओट्यावर बस म्हणाल्या आणि चहाच आणला! आता चहा हातात असताना कसं सांगायचं? गप्पा निघाल्या. मी सहज विचारलं, टीव्हीवर काय आवडतं?

इकडंतिकडं बघितलं त्यांनी. "कुणाला सांगू नकोस. कव्वाली."

मी बघतच राहिले! माहेर परभणीचं म्हणे, दर्ग्याकडं जायच्या रस्त्यावर. उरुसात ह्या गच्चीवर पालथं पडून ऐकायच्या, वडलांना वाटायचं पोरगी झोपली. मग हेडमास्तरांच्या घरात पडल्या. तिथं सकाळ-संध्याकाळ भजन. "एवढ्या वर्षात एकदा गुणगुणले तर हे म्हणाले, हे काय आता? मग नाहीच गुणगुणले."

टीव्ही देऊ नका एवढंच सांगून आले.

१० जानेवारी, शुक्रवार

मी केलं. मुद्दाम केलं!

सिद्धोधन गेल्यावर एक जुनी कव्वाली शोधली, आणि ती छोटी चौकट दाबली. पलीकडं पेटी सुरू झाली, मग टाळ्या. मी भिंतीला कान लावून उभी. काकू ओरडल्या नाहीत. भांड्याचा आवाज बंद झाला. मग बारीक, लय बारीक, टाळी ऐकू आली. एक. मग दुसरी. मग काकू ठेक्यातच आल्या!

मी इकडं मोरीत नाचले. खरंच नाचले! पाय घसरून पडणार होते.

११ जानेवारी, शनिवार

आज तीन लावल्या. काकू भिंतीवरून म्हणतात, "टीव्ही शहाणा झाला बघ गं! माझ्या मनातलं ओळखायलाय."

शीळ — अजून वारा.

१२ जानेवारी, रविवार

सिद्धोधनची सुट्टी. मला विचारतो, "विचारलंस का?" मी म्हणाले, विचारायलेय. दुपारी मी मोरीत गेले तर साहेब आधीच तिथं उभे! फोन पाठीमागं लपवायले! क्रिकेट बघायले होते, काकूंच्या नेटवर!

"उजेड आपोआप आला वाटतं?" मी म्हणाले.

कानापर्यंत लाल झाला. मग दोघं मोरीत बसूनच उरलेली मॅच बघितली, एका फोनावर, डोक्याला डोकं लावून.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गल्लीतल्या सगळ्या बाया काळ्या साड्या नेसून हळदीकुंकवाला चालल्या होत्या, ह्या दारातून त्या दारात. आमच्या दाराशी कुणी आलं न्हाई. काकूंच्याही न्हाई. त्यांना बोलावत नाहीत, मला बोलावत नाहीत. कारणं वेगवेगळी.

मी ओट्यावर, त्या ओट्यावर. मध्ये भिंत. काय बोलायचं?

मी आत गेले आणि अशी दणक्याची कव्वाली लावली! आवाज पुरा वर! गल्लीतल्या बाया थांबल्या, हेडमास्तरांच्या घरातून हे काय? आणि काकू? काकू ओट्यावर बसल्या जागी मान हलवायल्या, डोळे मिटून, मांडीवर ठेका. मला हाक मारली, "ये गं, इकडून ऐकू येतंय चांगलं." मी गेले. पहिल्यांदा आत गेले! पलंगावर बसवलं. तिळगूळ दिला हातावर. लय दिवसांनी एवढं हसले मी.

१५ जानेवारी, बुधवार

मेले. मेले मी.

काकू आज भिंतीपाशी आल्या, चेहरा नुसता उजळलेला. हळूच म्हणाल्या, "मला कळलं गाणी कोण लावतं ते."

मी आत पळायच्या बेतात.

"श्रीनिधी. माझा श्रीनिधी लावतोय पुण्याहून. हे नेट-बिट त्यानंच बसवलं होतं ना, तिकडून सगळं करता येतं म्हणाला होता. दिवाळीपासून बोलणं बंद आहे आमचं. घर विकून पुण्याला चल म्हणाला, मी नाही म्हणाले. तोंडानं बोलत नाही पोरगं. पण गाणी लावतंय बघ."

मी काय म्हणाले? "हो का काकू."

१६ जानेवारी, गुरुवार

आज काहीच नाही लावलं. दिवसभर पलीकडं शांत. संध्याकाळी काकू म्हणाल्या, "आज कामात असेल तो."

१७ जानेवारी, शुक्रवार

सिद्धोधनला सगळं सांगितलं. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "नेटचं मी बोललो ते लय छोटं होतं सुके. नेट गेलं तर गेलं. पण त्या बाईचं पोरगं तू होऊन बसलीस."

म्हटलं, सांगितलं तर तिचा आनंद जाईल.

"आनंद तिचा हाय. ठेवायचा का टाकायचा ते तिला ठरवू दे."

आणि न सांगितलं तर? उद्या गाणं बंद पडलं की पोरगं परत रुसलं असं वाटेल तिला. बदली होऊन आमी गेलो की मग तर कायमचंच. कुठंही वळलं तरी मीच दोषी. काय बाई झालं हे! मी नुसती शीळ शिकायले होते!

१९ जानेवारी, रविवार

गेले. दार वाजवलं.

सगळं एका दमात सांगून टाकलं, श्वास न घेता. नेट, मोरी, शीळ-मास्तर, कव्वाल्या, सगळं. काकू ऐकत बसल्या. शीळ-मास्तर माझा होता म्हटल्यावर ओठ जरासे हलले. बाकी चेहरा दगड.

मग म्हणाल्या, "नेटचं म्हणशील तर विचारलं असतंस तर मीच दिलं असतं. दार वाजवावं लागतं त्यासाठी. एकदा तरी वाजवलंस का आल्यापासून?"

मला काय झालं कुणास ठाऊक. बोलून गेले, "तुमीबी नाही वाजवलं, काकू."

बाप रे! पण त्या रागावल्या नाहीत. खाली बघितलं. साडीचा काठ बोटांनी सरळ केला. "नाही वाजवलं," म्हणाल्या.

मग म्हणाल्या, "पण गाणी तू लावत नव्हतीस. श्रीनिधी लावत होता."

"काकू, मीच..."

"परवा गाणं लागलं नाही म्हणून मीच फोन केला त्याला. आपणहून. म्हणलं, बाबा रे, तू गाणी लावतोस ती पोचतात बरं का मला. आधी अडखळला. मग म्हणाला, हो आई, मीच लावतो. रोज भजनं लावतो तुझ्यासाठी." काकूंनी माझ्याकडं नीट बघितलं. "असं म्हणाला. मग बराच वेळ बोलला. रडला पण."

भजनं!! मी एकही भजन लावलं नव्हतं!

फोन माझ्या मुठीत होता. समोर टीव्ही. एक बोट लावलं की कव्वाली सुरू, आणि खरं-खोटं तिथंच झालं असतं. अंगठा गेलाच होता वर. काकू बघत होत्या. टीव्हीकडं नाही, माझ्या अंगठ्याकडं.

मी फोन पालथा ठेवला पलंगावर.

"चहा टाकते," काकू म्हणाल्या. "साखर जास्त लागते ना तुला?"

२० जानेवारी, सोमवार

सिद्धोधन म्हणतो, तुझं काम सांगायचं होतं, सांगितलंस. तरी मला कसंतरीच होतंय. खोटं श्रीनिधीनं बोलावं आणि कडू तोंड माझं! नेट जोडलं न्हाई. डेटा दुपारीच संपला. मोरीत उगाच उभी राहिले, सवयीनं.

२१ जानेवारी, मंगळवार

शीळ आली!!! पोळी लाटताना, आपोआप! बारकी, पण शीळ! पलीकडून काकू ओरडल्या, "मेला परत आला की काय?"

२३ जानेवारी, गुरुवार

अनोळखी नंबरवरून फोन. "सुकेशनी ताई का? मी श्रीनिधी, पुण्याहून बोलतोय. नंबर आईनं दिला." मी उभीच राहिले. तो अडखळत होता. म्हणाला, "आई काल म्हणाली, भजनं कुठली लावतोस रे वेड्या? मला काय आवडतं ते शेजारच्या सुकेशनीला विचार, मग लाव." मग एकदम हळू — "ताई, काय आवडतं हो तिला?"

मी म्हणाले, तुमी बसलात का? आधी बसा.