हिरव्या दिव्यावर विसंबू नका

आर्णी,
१४ नोव्हेंबर २०२४

रहेमानचाचांना साकेतचा सलाम.

तुम्ही आणि चाची बरे असाल. आई रोज तुमची आठवण काढते. तुम्ही पांढरकवड्याला गेल्यापासून शेजारच्या घरात कुणी टिकतच नाही, असं तिचं गाऱ्हाणं. तुमच्या लेकीची, जेबाची परीक्षा संपली, पेपर बरे गेले म्हणते. शनिवारी ती घरी येतेय, हे पत्र तिच्याच हाती देतोय. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, जिनिंग कारखान्याच्या आवाजानं कान खाल्ले तुमचे. आणि जेबाच्या तोंडी निरोप धाडावा असं हे प्रकरण नाही.

सोमवारी काटापूजन, म्हणजे कापसाच्या वजनकाट्याची पूजा झाली की हंगाम सुरू. ठिणग्यांवर नजर ठेवायला बसणाऱ्या लखनला तुम्ही कापसाच्या पाइपाजवळून उठवून मागच्या शेडला पाठवलं, असं कळलं. "आता साकेतचा दिवा हाय, माणूस कायले बसवता तिथं?" असं सगळ्यांना सांगून राह्यले म्हणे तुम्ही. ते ऐकूनच हे लिहायला बसलो.

चाचा, मी तुमच्याकडे बसवलेल्या त्या दिव्याच्या यंत्राचं काम जरा समजावून सांगतो. कापसासोबत पाइपातून ठिणगी आली की ती ओळखायची आणि कापसाच्या गंजीवर पडायच्या आत झडप फिरवून बाहेर काढायची. आधी मी त्यासाठी साधा प्रोग्राम लिहिला होता. साध्या प्रोग्रामला आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं, तेवढ्यात ठिणगी निसटायची. म्हणून मी तेच काम कॉम्प्युटरच्या गाभ्यात, कर्नलमध्ये नेऊन बसवलं. तिथं हुकूम लगेच चालतो, पण तिथली चूक सगळ्यांना भोवते. तुमच्या कामातलं सांगायचं तर साधा प्रोग्राम म्हणजे सरकी काढणारा एक जिन. पट्टा निसटला तर तेवढा जिन थांबतो, बाकीचे चालतात. प्रोग्राम बंद पडला की कर्नलला कळतं आणि लाल दिवा लागतो. कर्नल म्हणजे सगळ्या जिनांना फिरवणारा शाफ्ट. तो अडकला की सगळंच ठप्प.

आणि तेव्हा दिवा विझत नाही. शेवटी जसा होता तसाच राहतो, हिरवा, म्हणजे सगळं ठीक असल्यासारखा. त्याला लाल हो म्हणणारं आत कुणी उरलेलंच नसतं.

हे झालंय, चाचा. यंत्र तुमच्याकडे आणायच्या आधी एकदा घरच्या टेबलावर झालं. मग काही केल्या पुन्हा होईना, म्हणून लाइटचा दोष असेल असं स्वतःला समजावलं. बसवायच्या दिवशी मी सांगणार होतो. तेवढ्यात तुम्ही गोविंदाशेठसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. "मालक, हे पोरगं माह्या डोळ्यासमोर वाढलं. याचं काम ते माहंच काम समजा." मग काही न सांगता चाचीच्या हातचं जेवून परतलो. काल माझ्याकडचं दुसरं यंत्र तसंच थिजलं. लायटर पेटवून समोर धरला, तरी दिवा हिरवाच.

आज शेठना फोन केला. ते हसले. म्हणाले, "गाड्या बोलावल्या, मुहूर्त काढला. रहेमान म्हणते यंत्र चांगलं हाय. त्यानं थांबा म्हटलं तर थांबतो, तुह्यं ऐकून नाही."

म्हणजे आता सगळं तुमच्यावर आलं. मी समोर आलो असतो तर तुमच्या तोंडाकडे पाहून पुन्हा चाचीच्या हातचं जेवून गुपचूप परतलो असतो, एवढा मी मला ओळखतो. म्हणून लिहितोय. शेठना सांगा, साकेतचं काम कच्चं आहे. चार माणसांत सांगावं लागेल, तुम्हाला जड जाईल, ठाऊक आहे. मला शिव्या द्या. पण यंत्राची वायर काढा आणि लखनला पाण्याच्या बादलीसकट त्याच्या जागेवर बसवा. पूजेच्या दिवशी गंजीजवळ तुम्हीच उभे राहणार, चाचा, दुसरं कुणी नाही. मला फार भीती वाटते.

रविवारी यंत्र उचलायला येतो. तुम्ही शेठशी बोलला नाहीत तरी येईन.

ज्याच्यासाठी तुम्ही शब्द टाकलात, आणि ज्याच्यापायी तो आता परत घ्यावा लागणार,
तो तुमचा
साकेत